संगणक उठेपर्यंत

माझ्या हल्लीच्या लॅपटॉपला झोप अशी लागतच नाही. झाकण उचललं की हा टक्क जागा. ऑफिसातली मुलं म्हणतात, मॅडम, मस्त मशीन आहे तुमचं. असेल. मला मात्र दर वेळी त्याचा थोडा रागच येतो. बटण दाबावं, मग उठून गॅसवर चहाचं आधण ठेवावं, तुळशीला पाणी घालावं, खाली गल्लीत कोण कुणाशी भांडतंय ते वाकून बघून यावं, आणि तरीही पडद्यावर ते पांढरे ठिपके अजून गोल गोल फिरतच असावेत, असा एक संगणक मी पाहिलेला आहे. ज्यांचा तो होता ते माझे गाझियाबादचे घरमालक. मी त्यांना काका म्हणायची.

नोएडाच्या सेक्टर बासष्टमध्ये मला नोकरी लागली ती संगणकांच्या दुखण्याखुपण्यांची. पदाचं नाव भारदस्त होतं, पण काम हेच: कुणाचा लॅपटॉप रेंगाळायला लागला की त्यानं तो माझ्या टेबलावर आणून आपटायचा आणि वर मलाच घाई करायची. मिरजेहून आलेली मी, दिल्लीत ओळख ना पाळख. कुणीतरी सांगितलं की जवळच गाझियाबादच्या वसुंधरा वस्तीत एक मराठी गृहस्थ राहतात, त्यांच्या गच्चीवरची खोली रिकामी आहे. तिकडे अशा खोलीला बरसाती म्हणतात. मी खोली बघायला गेले तर दार उघडणाऱ्या उंच, किडकिडीत म्हाताऱ्यानं ओठांवर बोट ठेवावं तसं करून मला खुर्ची दाखवली आणि म्हणाला, "बसा जरा. तो उठतोय."

मला वाटलं घरात कुणी आजारी आहे. मी पर्स मांडीवर घेऊन चोरासारखी बसले. बराच वेळ कुणी उठेना. शेवटी न राहवून मी हळूच विचारलं, "बरं नाहीये का त्यांना?"

"कुणाला?"

"जे उठतायत त्यांना."

काकांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे टेबलावर एक जुनाट संगणक बसला होता आणि त्याच्या डब्यातला पंखा दम्याच्या रोग्यासारखा घरघरत होता. "बरं आहे तसं," ते म्हणाले, "वय झालंय एवढंच."

त्या घरात संगणक सुरू करत नसत, उठवत. बंद करत नसत, निजवत. निजला की त्याच्यावर काकूंच्या जुन्या नारायणपेठ साडीचा शिवलेला अभ्रा पडायचा. काकू मी तिथे राहायला जाण्याच्या कितीतरी आधी वारल्या होत्या. संगणकाची भाषा काकांनी हट्टानं मराठी केली होती आणि तो उठता उठता पडद्यावर अक्षरं यायची, 'कृपया प्रतीक्षा करा'. त्यांचं या शब्दाशी वाकडं होतं. "प्रतीक्षा काय करा? हा काय रेल्वेचा वेटिंग हॉल आहे?" मग त्यांनी एक कागदाची पट्टी कापली, तिच्यावर ठसठशीत अक्षरात 'वाट बघा' असं लिहिलं आणि नेमक्या त्या जागी काचेवर चिकटवून टाकली. पुढे पडद्यावर काहीही उघडा, मधोमध 'वाट बघा' असायचंच. बँकेचं पान उघडलं तरी तेच, मुलीचे फोटो उघडले तरी तेच.

वाट बघणं हा त्यांचा छंद म्हणा, धर्म म्हणा. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात जन्मभर नोकरी करून ते सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते, त्यामुळे सराव दांडगा होता. शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, 'थांबला तो संपला'. काका म्हणायचे, "थांबला तो भेटला. संपतात ते पळणारे." बँकेच्या रांगेत कुणी कुरकुर करायला लागलं की ते मागे वळून त्याला आपला नंबर देऊन टाकायचे आणि स्वतः शेवटी जाऊन उभे राहायचे. दूध तापायला ठेवलं की पातेल्यासमोर हात बांधून उभे. मी एकदा म्हटलं, "काका, तेवढ्यात दुसरं काही होईल की." तर म्हणाले, "अगं, मग दुधाकडे कोण बघणार?" माझं दूध दर दोन दिवसांनी उतू जायचं.

"इंग्रज वेट करतो," ते सांगायचे, "हा इथला दिल्लीवाला इंतज़ार करतो. पण बघत कोणी नाही. बघतो तो मराठी माणूस. वाट म्हणजे रस्ता. ज्या रस्त्यानं येणारा येणार, त्या रस्त्याकडे डोळे लावून बसायचं, त्याला म्हणायचं वाट बघणं. जगात आणखी कुठल्या भाषेत हे आहे, दाखव मला." मी काय दाखवणार? मला मराठी, मोडकी हिंदी आणि ऑफिसपुरतं इंग्रजी. मी मान डोलवायची.

एकदाच ते यावर थोडं वेगळं बोलले. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना दिल्लीत सरकारी क्वार्टर मिळत नव्हतं, म्हणून काकू वाईजवळच्या त्यांच्या गावी राहिल्या होत्या. बरीच वर्षं. "मी इथं यादीतला माझा नंबर बघत होतो," काका म्हणाले. "वाट ती बघत होती." मग ते उठून अभ्र्याची घडी नीट करत बसले, जरी ती नीटच होती.

त्यांच्या या वेडाचं मोल मला कळलं ते माझी आई दिल्लीला आली तेव्हा. जानेवारीचा महिना, धुकं असं की समोरचा माणूस फक्त खोकल्यावरून ओळखावा. मिरजेची गाडी निजामुद्दीनला सकाळी यायची ती दुपार झाली तरी येईना. मला ऑफिसातून सुटका नव्हती. काका आदल्या दिवशीच म्हणाले होते, "तू जा कामावर. आणायला मी आहे." मला वाटलं, गाडी कुठे आहे ते फोनवर बघून त्या बेतानं निघतील. छे! ते उजाडायच्या आधीच फलाटावर जाऊन उभे राहिले होते. संध्याकाळी मी घरी पोचले तर आई त्यांच्या स्वयंपाकघरात पिठलं करत होती. ती म्हणाली, "अगं, डब्यातून उतरले तर समोर हा मफलर गुंडाळलेला माणूस. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात पाटी, पाटीवर नुसतंच 'आई'. मी म्हटलं, अहो, इथं शंभर आया उतरल्या असतील! तर म्हणाले, हो, पण पाटी वाचून थांबलात तुम्ही एकट्याच." थर्मासमधला चहा गार होऊन कितीतरी वेळा बदलला होता म्हणे. स्टेशनवरचा चहावाला त्यांना नावानं ओळखायला लागला होता.

पोचवायला मात्र ते कधीच जात नसत. आई परत निघाली तेव्हा फाटकाशी नमस्कार केला आणि आत गेले. "मला आणायला जाता येतं," ते म्हणाले. "पोचवायला नाही जमत."

या माणसाची खरी वाट होती ती सईची. सई म्हणजे त्यांची नात, मुलीची मुलगी. मुलगी गुरुग्रामला, जावई लखनौचे, घरात बोलणं हिंदी. सई दर शनिवारी मेट्रोनं आईबरोबर यायची, पुढे एकटी यायला लागली. शनिवारी सकाळपासून काका फाटकाशी खुर्ची टाकून बसत, गल्लीच्या टोकाकडे तोंड करून. पेपर हातात असे, पण पान उलटलेलं मी कधी पाहिलं नाही.

ती आली की पहिला कार्यक्रम संगणक उठवायचा. बटण सईनंच दाबायचं. आणि दाबलं की काकांनी गोष्ट सांगायची. गोष्टीचा नियम एकच: ती संगणक उठेपर्यंतच. पडदा उजळून त्यावर ती छोटी चित्रं मांडली गेली की गोष्ट असेल तिथे थांबणार, पुढचं पुढच्या शनिवारी.

गोष्ट होती एका घोड्याची. सई लहान असताना ते तिला पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकापाशी, घेऊन गेले होते. ते दरवर्षी जात, मीही एकदा गेले त्यांच्याबरोबर. महाराष्ट्रातून आलेली मंडळी तिथे घोषणा देतात, फोटो काढतात, काहींचे डोळे भरून येतात. काका स्मारकाकडे पाठ करून दक्षिणेकडे तोंड करून उभे राहायचे. "लढणाऱ्यांना सगळे नमस्कार करतात," ते म्हणाले. "घरी जे वाट बघत बसले होते, त्यांच्या दिशेला कोणीतरी तोंड करायला नको?" तिथेच छोट्या सईनं विचारलं होतं, "आप्पा, सब मर गए? घोडे भी?" आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "नाही बाळ. एक घोडा घरी निघाला."

तोच हा घोडा. धनी पडलेला, खोगीर एका बाजूला घसरलेलं, एक पाय दुखावलेला, आणि निघालाय वाईकडे. एकेक शनिवारी एकेक मुक्काम. दिल्ली, मथुरा, भरतपूर. वाटेत त्याला कधी एखादी म्हातारी पाणी पाजायची, कधी कुणी चोर बांधून ठेवायचा आणि हा दावं चावून पळायचा. संगणक नवा होता तेव्हा चटकन उठायचा, त्यामुळे घोड्याची चाल फारच कमी पडायची. भरतपूरच्या एका तबेल्यातच तो वर्षभर होता म्हणे. संगणक जसा म्हातारा झाला तसा घोडा जोरात दौडायला लागला. मी तिथे राहायला गेले तेव्हा तो ग्वाल्हेर ओलांडून बराच खाली आला होता. शनिवारी माझी सुट्टी. मी चहाचा कप घेऊन जिन्याच्या पायरीवर बसून चोरून ऐकायची. सांगायला हरकत नाही, सईपेक्षा मीच त्या घोड्यात जास्त गुंतले होते.

मग सईच्या हातात फोन आला.

बटण दाबलं की ती फोन काढायची आणि मान खाली. काका सुरू करायचे, "तर नर्मदेला पाणी फार होतं..." सई म्हणायची, "हं." पुढचं वाक्य, पुन्हा "हं." घोडा नर्मदेच्या काठी येऊन उभा राहिला तो उभाच. एका शनिवारी मी पायरीवरून ऐकलं. सई वैतागून म्हणत होती, "आप्पा, यार, ये कितना स्लो है! मम्माच्या लॅपटॉपवर एकदम होतं. मी प्रोजेक्ट घरीच करेन ना. एवढं मेट्रो बदलून यायचं आणि मग बसून राहायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बरसातीत आले. गुडघ्यांमुळे ते कधी वर येत नसत. दारात उभे राहून धापा टाकत म्हणाले, "तू कंपनीत लोकांचे संगणक पळते करतेस ना? हा माझा पटकन उठायला हवा. शनिवारच्या आत."

मी बघतच राहिले. मी आल्यापासून शंभरदा म्हटलं होतं, काका, मी बघू का? आणि त्यांनी शंभरदा मला उडवून लावलं होतं. "काका, तुम्ही? तुम्हाला कधीपासून घाई झाली?"

"मला नाही गं," ते म्हणाले. "तिला आहे. बसून राहावं लागतं म्हणून ती यायची थांबेल. मग मी कुणाची वाट बघू?"

मी लगेच खाली गेले. संगणक उठला की त्याच्याबरोबर आपोआप कोण कोण उठतं याची एक यादी असते, ती मी उघडली. बघते तर तिथे लग्नघर. काका शेजारी खुर्ची ओढून बसले. मी त्यांना समजावून सांगितलं की हा बिचारा एकटा उठत नाही, ही सगळी मंडळी एकदम उठतात आणि एकाच न्हाणीघरापुढे रांग लावतात, म्हणून उशीर. ते त्यांना लगेच पटलं. मग एकेकाची चौकशी सुरू झाली.

"हा कोण?"

"हा प्रिंटरचा."

"पण प्रिंटर तर कधीच गेला."

"हो, पण हा अजून रोज सकाळी उठून त्याला शोधतो."

काकांनी त्या नावावरून हळूच बोट फिरवलं. मग म्हणाले, "आणि हा?"

तो मुलगी कामासाठी काही महिने परदेशी होती तेव्हाचा, तिच्याशी समोरासमोर बोलण्यासाठी टाकलेला. पुढचा सईनं लहानपणी घातलेला मासे पकडण्याचा खेळ. एक पंचांग. एक कॅमेऱ्याचा. आणि व्हायरस पकडणारे तीन, म्हणजे एका दाराला तीन चौकीदार, आणि तिघं रात्रंदिवस एकमेकांनाच चोर समजत होते.

"काढून टाकणार यांना?" काकांचा आवाज जरा बारीक झाला.

"नाही काका. काढायचं नाही कुणाला. फक्त सकाळी उठवायचं नाही. हवं तेव्हा आपण बोलवायचं, की येतील."

"म्हणजे निवृत्त," काका म्हणाले आणि त्यांचा चेहरा खुलला. "असं सांग की. पेन्शनवर." मग मी एकेकाच्या नावावर टिचकी मारून त्याला बंद करत गेले आणि काका प्रत्येकाला "या आता, आराम करा," असा निरोप देत गेले. दोन चौकीदारांना मात्र मी खरोखरच हाकललं, त्याबद्दल काकांचं काही म्हणणं पडलं नाही. झटपट उठण्याची सोय सेटिंगमध्ये बंद होती, ती सुरू केली. साचलेला केरकचरा काढला. बंद करून पुन्हा सुरू केला तर पंखा धड घरघरायच्या आत पडदा उजळला. काका चहा ठेवायला उठले होते ते दारातच थबकले. "उठला?" ते म्हणाले. "एवढ्यात?"

शनिवारी ते नेहमीपेक्षा लवकर फाटकाशी बसले. सई आल्या आल्या तिला टेबलापाशी नेलं, अभ्रा स्वतः काढला आणि म्हणाले, "दाब बटण."

तिनं दाबलं. काकांनी घसा साफ केला. "तर नर्मदेला पाणी फार..."

"अरे वाह, आप्पा!" सई ओरडली. पडदा समोर लख्ख. "ये तो उड रहा है! बिल्कुल मस्त!" तिनं त्यांना मिठी मारली. काका खूश होऊन माझ्याकडे बघत होते. मग सईनं पटापट आपलं काम केलं, फाईल पाठवली, फोनवर गाडी बोलावली. "आप्पा, काम झालं. आज जल्दी निकलती हूँ, मैत्रिणींना भेटायचंय. बाय!" काका आत चहा गाळत होते. तीन कप घेऊन बाहेर आले तेव्हा फाटक वाजून गेलेलं होतं. आम्ही दोघांनी दीड दीड कप चहा प्यायला.

"काम मात्र चोख केलंस हो," काका मला म्हणाले. टोमणा नव्हता तो, त्यांना टोमणे मारताच येत नसत, आणि म्हणून मला ते जास्त लागलं.

असे तीन-चार शनिवार गेले. सई यायची, संगणक टुणकन उठायचा, सई टुणकन जायची. घोडा नर्मदेवर. मग एका सकाळी काका परत बरसातीच्या दारात. "ऐक," ते अगदी मंत्रालयातल्या आवाजात म्हणाले, "त्या निवृत्त मंडळींना पुन्हा रुजू करून घ्यायचं. मुदतवाढ दे सगळ्यांना."

"सगळ्यांना? प्रिंटरवाल्यालाही?"

"त्याला आधी. शोधू दे बिचाऱ्याला."

माझ्या साऱ्या नोकरीत संगणक हळू करून द्या म्हणणारा हा एकच माणूस मला भेटला. मी एकेकाला पुन्हा कामावर घेतलं. संगणक पूर्वीसारखा कण्हायला लागला. पण सईचं येणं काही वाढलं नाही; उलट दोन-दोन शनिवार रिकामे जायला लागले. काका खुर्ची टाकायचेच. ऊन डोक्यावर आलं की खुर्ची उचलून आत न्यायचे. त्यांचं ते खुर्ची उचलणं मला गच्चीवरून दिसायचं आणि मी कठड्यापासून बाजूला व्हायची.

बारावीच्या बोर्डाच्या आधी सईच्या आईनं तिचा फोन काढून घेतला आणि अभ्यासाला म्हणून तिला आजोबांकडे धाडलं. त्या शनिवारी सई मोठं तोंड फुगवून आली. बटण दाबलं. पंखा घरघरला. हातात फोन नाही, तेव्हा बघणार कुठे? ती पडद्याकडे बघत बसली. पडद्यावर काळोख आणि मधोमध ती पट्टी. पिवळी पडलेली, एक कोपरा उचकटलेला. इतकी वर्षं ती पट्टी तिच्या नाकासमोर होती, तिनं ती बहुधा तेव्हा पहिल्यांदा वाचली.

"आप्पा, हे काय लिहिलंय? वाट... बघा? वाट तो लगती है ना?"

काका दचकले. "लगती है?"

"हां ना. मेरी तो वाट लग गई. फिजिक्समध्ये लागलीच आहे." ती हसली. "तो वाट बघा मतलब... देखो कैसी वाट लगी है?"

मी पायरीवर कप तोंडाशी धरून थिजले. इतकी वर्षं हा माणूस फोनवर तिला सांगत आला होता, बाळ, तुझी वाट बघतोय. आणि पोरीनं काय ऐकलं असेल!

काका रागावले नाहीत. तिच्याकडे खुर्ची वळवून त्यांनी हळूहळू सांगितलं. वाट म्हणजे रस्ता. कुणी यायचं असलं की तो येईल त्या रस्त्याकडे बघत राहायचं. हे फक्त आपल्याकडे आहे, असंही सांगितलं.

सईनं कपाळावर हात मारला. "मतलब राह देखना! आप्पा, पहले बोलना था ना! दादी बोलती है लखनऊ में, तेरी राह देख रही थी. सेम टू सेम."

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. जन्मभर सांभाळलेला मराठी माणसाचा मान एका वाक्यात लखनौच्या विहीणबाईंनी वाटून घेतला होता. ते दोनदा ओठांतल्या ओठांत म्हणाले, राह देखना, राह देखना. आणि मग मोठ्यांदा हसले. "हरलो," ते म्हणाले. "त्याही बघतात म्हणजे. चांगलं झालं."

"तर आप तो गेट पे चेअर लेके बसता ना शनिवारी," सई म्हणाली, "ते वाट बघणं आहे?"

"तेच."

"हर सॅटरडे?"

पंखा घरघरत होता. सईनं पाय वर खुर्चीवर घेतले, लहानपणी घ्यायची तसे. "आप्पा," ती म्हणाली, "वो घोडा अजून नर्मदेवरच आहे?"

त्या दिवशी घोडा नर्मदा उतरला. मी सांगते तुम्हाला, असा उतरला की माझा चहा कपातच गार झाला. परीक्षा होईपर्यंत सई येत राहिली आणि घोडा सातपुडा चढून बऱ्हाणपूरला तापीच्या काठी आला. मग तिचं कॉलेज सुरू झालं बंगळूरला, आणि मला पुण्यात नोकरी मिळाली.

मी निघाले तेव्हा काकांनी फाटकाशीच निरोप घेतला. "पोचवायला येत नाही," ते म्हणाले. "परत येशील तेव्हा निजामुद्दीनला मी आहे." मी हो म्हटलं. आपण सगळेच हो म्हणतो.

त्यांना साध्या तापाचं निमित्त झालं. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. पुढे ऑफिसच्या कामानं दिल्लीला जायचं ठरलं, तेव्हा सगळे म्हणाले विमानानं जा. मी रेल्वेनं गेले. निजामुद्दीनला उतरले. फलाटावर कोणी असणार नव्हतं, मला काय माहीत नव्हतं? तरी सगळा डबा रिकामा होईपर्यंत मी तिथे उभी राहिले, माणसांच्या डोक्यांवरून बघत. आपल्यासाठी कुणीतरी आधीच येऊन उभं आहे, हे सुख ज्याला एकदा मिळालं त्याचं पुढे कठीण होतं. मला काकांची आठवण येते ती अशी. त्यांनी मला कधी काही मोठं दिलं नाही, शिकवलं नाही. पण घराचं फाटक उघडताना कुणीतरी खुर्चीवरून उठावं असं मला अजून वाटतं, आणि कुणी उठत नाही.

मागच्या महिन्यात सईचा फोन आला. ती आता नोकरीला लागली आहे, गुरुग्रामलाच. गाझियाबादचं घर विकलं. "ताई, मम्मा आप्पांचा कॉम्प्युटर कबाडीवाल्याला देत होती," ती म्हणाली. "मी उचलून माझ्या रूमवर आणला. पट्टी भी है अजून. लेकिन बाप रे, किती वेळ लावतो!"

मी सवयीनं म्हटलं, "अगं, सोपं आहे. मी सांगते तसं कर. आधी ती सुरुवातीची यादी उघड, एकेकाला बंद..."

"नको, नको!" ती घाईनं म्हणाली. "फास्ट नकोय. मी दुसरंच विचारायला फोन केला. ताई, तुम्ही स्टेअर्सवर बसून सगळं ऐकायच्या ना? आप्पांना माहीत होतं, ते तुमच्यासाठी जरा मोठ्यानं बोलायचे. घोडा कुठपर्यंत आला होता शेवटी?"

"बऱ्हाणपूर," मी म्हटलं. "तापीच्या काठी. अजून ओलांडायची होती."

"म्हणजे घर अजून लांब आहे."

"आहे. पण महाराष्ट्राच्या दाराशी आला होता."

"ओके," सई म्हणाली. "मग आता पुढची गोष्ट मला करावी लागेल. बटण दाबलंय मी. वाट देखतेय."

मी तिला दुरुस्त केलं नाही. फोनही ठेवला नाही. पलीकडून संगणकाचा पंखा घरघरताना ऐकू येत होता.